भुताळी ते फिर्यादी : अंधश्रद्धा निर्मूलन समितीची वाटचाल, डहाणूच्या बाजूने

पाड्यावर एखादे मूल तापाने जाते. पंधरवड्यात त्याच घरची दुभती म्हैस आटते. घरातला कर्ता माणूस भगताकडे जातो, भगत तांदळाचे दाणे पाहतो आणि नाव निघते. ते नाव बहुतेक वेळा बाईचे असते. विधवा असते, म्हातारी चुलती असते, नाही तर बांधावरून जिच्याशी कधी तरी वाजलेले असते ती शेजारीण असते. डहाणू-तलासरीच्या वारली मुलखात तिला भुताळी म्हणतात, सातपुड्यात डाकीण. नाव निघाले की तिला लग्नकार्याला बोलावणे बंद होते, तिच्या अंगणात पोरांना जाऊ देत नाहीत, आणि घरात दुसरे कोणी आजारी पडले तर गोष्ट मारहाणीवर, कधी जिवावर जाते.

मसोली डहाणू शहराला लागून आहे. रेल्वे, तहसील कचेरी, उपजिल्हा रुग्णालय, पोलीस ठाणे यातले काहीच इथून फार लांब नाही. त्यामुळे इथल्या सुशिक्षित माणसाला भुताळी हा ‘आतल्या भागातला’ प्रश्न वाटतो. पण पूर्वेकडचा माणूस बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला डहाणूतच येतो, आणि भुताळी ठरवलेल्या बाईला फिर्याद द्यायची झाली तर तिलाही इकडेच यावे लागते. ती येऊ शकते का, आल्यावर तिचे ऐकून घेतले जाते का, आणि गेल्या तीन-साडेतीन दशकांत यात काय बदलले, हे पाहायचे तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची वाटचाल पाहावी लागते. त्याआधी थोडे मागे जाऊ, कारण समिती ज्या पोकळीत उभी राहिली ती पोकळी जुनी आहे.

डहाणूचा किनारा दीर्घकाळ पोर्तुगीजांकडे होता आणि १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर तो मराठ्यांकडे आला. उत्तर पेशवाईत कोकणातल्या भुताळ्यांचा शोध घेणे, त्यांना पकडणे, दंड करणे हे चक्क सरकारी काम होते. त्यासाठी माणसे नेमल्याच्या नोंदी पेशव्यांच्या रोजनिश्यांत आहेत. १९०० साली न्यायमूर्ती रानडे यांनी या रोजनिश्यांवर निबंध वाचला, त्यात या प्रकाराची दखल घेतली. म्हणजे भगताने नाव काढायचे आणि सरकारी शिपायाने धरून न्यायचे. चेटूक हा अपराध, चेटूक करणारी गुन्हेगार. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात जे मोठ्या प्रमाणावर चालले, तेच इथे लहान प्रमाणावर चालू होते. तिकडे तीन शतकांत चाळीस ते साठ हजार माणसे चेटकीण म्हणून जाळली-फासावर दिली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेक बायका होत्या.

युरोपच्या त्या इतिहासातला एक माणूस मला समितीचा पूर्वज वाटतो. अलोन्सो दे सालाझार फ्रियास हा स्पेनच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा अधिकारी. १६१० साली लोग्रोन्यो इथे चेटकिणी म्हणून सहा जणांना जाळण्यात आले. त्या न्यायाधीशांत हाही होता, पण त्याच्या मनाला ते पटले नव्हते. पुढच्या वर्षी तो नवारच्या डोंगराळ भागात फिरला, अठराशेच्या वर माणसांचे जबाब घेतले, चेटकिणींची म्हणून जप्त केलेली मलमे आणि पूड तपासून घेतली. एकाही गोष्टीचा पुरावा मिळाला नाही. लोक चेटकिणींविषयी बोलू-लिहू लागले तोवर त्या भागात चेटकिणी नव्हत्या, अशा आशयाचा निष्कर्ष त्याने वर कळवला. १६१४ साली इन्क्विझिशनने नवे नियम घातले आणि स्पेनमधले असे जाळणे जवळपास थांबले. चेटकिणींची शिकार करणाऱ्या खात्यातलाच एक माणूस पुरावा मागायला लागला, एवढ्यावर हे झाले.

आपल्याकडे इंग्रज आले आणि सरकारने चेटूक शिक्षापात्र मानणे सोडले. १८६०च्या दंडसंहितेत भुताळीचा खून हा खूनच. पण तिचे नाव काढणे, तिला वाळीत टाकणे, गावातून उठवणे यासाठी वेगळे कलम नव्हते. मारहाण झाली तर किरकोळ मारहाणीचे कलम लावायचे आणि तेही फिर्याद आली तर. पूर्वी सरकार शिकाऱ्याच्या बाजूने होते, आता बघ्याच्या भूमिकेत गेले. ही स्थिती स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके तशीच राहिली.

या मुलखात चळवळी कमी झाल्या असे मुळीच नाही. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापोटी राबवून घेणारी लग्नगडी पद्धत मोडून काढली. त्या लढ्याचे वर्णन ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७८ पासून कष्टकरी संघटना जमीन आणि जंगलहक्कांसाठी लढते आहे. जमीन, मजुरी, शाळा या प्रश्नांवर डहाणू-तलासरीने महाराष्ट्राला वाट दाखवली. भुताळीचा प्रश्न मात्र निराळ्या जातीचा आहे. जमीनदार परका होता, त्याच्याविरुद्ध पाडा एक होत होता. भुताळीच्या बाबतीत पाडा स्वतःच एका बाईविरुद्ध एक होतो.

महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्धचे संघटित काम १९८० नंतर उभे राहिले. नागपुरात श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ साली सुरू झाली. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या कामात आले ते ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत बाबा आढावांबरोबर काम केलेले, कबड्डीचे खेळाडू असलेले, दवाखाना चालवणारे डॉक्टर म्हणून. मानव यांच्याशी मतभेद झाले आणि १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती वेगळी काढली. प्रा. एन. डी. पाटील दीर्घकाळ समितीचे अध्यक्ष होते. कार्यकर्ते बहुतेक शिक्षक, प्राध्यापक, बँकेतले कर्मचारी, काही वकील, काही डॉक्टर; रविवार आणि सुट्ट्या खर्चून काम करणारे. वार्तापत्र निघू लागले, शाखा वाढल्या.

सुरुवातीचे काम बुवाबाजीविरुद्ध होते आणि त्याचे हत्यार होते चमत्काराचे प्रयोग. लिंबू कापले की रक्त येते, ते सुरीला आधीच लावलेल्या मिथिल ऑरेंजमुळे. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवला की पाणी शिंपडताच शेंडी पेटते. जिभेवर कापूर जाळता येतो, निखाऱ्यांवरून चालता येते. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला समितीने २१ लाख रुपयांचे आव्हान दिले. शाळेच्या पटांगणात हे प्रयोग पाहिलेली पिढी आज चाळिशीत आहे आणि त्यांतल्या अनेकांना त्या दिवशी उठलेला हशा आठवत असेल.

पण हे हत्यार भुताळीच्या बाबतीत बोथट पडते. शहरातला बाबा हातचलाखी करतो, ती उघडी पाडता येते. पाड्यावरचा भगत काहीच चमत्कार करत नाही. तो दाणे पाहतो आणि घरच्यांच्या मनात जे नाव आधीच घोळत असते तेच पुष्कळदा बोलून दाखवतो. शिवाय तो लुच्चा असेलच असेही नाही. त्याला झाडपाला कळतो, रात्री-अपरात्री तो येतो, लग्न-मर्तिकाला त्याचे काम असते. त्याला स्टेजवर बोलावून खोटे पाडायला गेले तर पाडा भगताच्या मागे उभा राहतो आणि बाई आणखी एकटी पडते. माझ्या मते समितीच्या वाटचालीतला खरा कस इथे लागला. प्रयोगांची पेटी घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला ती पेटी मिटून ठेवून घरातल्या माणसांशी बोलायला शिकावे लागले.

ते शिक्षण भानामतीच्या प्रकरणांतून आधीच सुरू झाले होते. घरात आपोआप कपडे पेटतात, अन्नात घाण पडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात अशा तक्रारींत कार्यकर्ते जातात, घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतात, आणि हे करणारी व्यक्ती सापडली की तिचे नाव जाहीर करत नाहीत. ती बहुधा घरातलीच, मनाने गांजलेली, पुष्कळदा एखादी सून किंवा वयात येणारी मुलगी असते. प्रकार थांबतो, तिच्यावर उपचार होतात, नाव झाकलेले राहते. भगत नाव काढतो, समिती नाव झाकते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

नंदुरबारच्या सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला, डाकीण ठरवलेल्या बायकांच्या प्रश्नावर समितीच्या कार्यकर्त्यांनी काम केले. त्यातून दिसले ते चित्र डहाणूलाही लागू पडते. आरोपाच्या मुळाशी आजार असतो, पण आरोप कुणावर करायचा हे जमीन, वारसा आणि जुने भांडण ठरवते. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्याच्या जुन्या खटल्यांचा अभ्यास करणाऱ्या ॲलन मॅकफार्लेन यांनाही हेच आढळले होते. आरोप परक्यावर होत नाही, शेजाऱ्यावर होतो, आणि पुष्कळदा ज्या गरीब शेजारणीला मदत नाकारली तिच्यावरच होतो. नाकारल्याची टोचणी मनात असते. पुढे घरात काही वाईट घडले की तिनेच केले असे वाटते.

आजार हे मूळ असेल तर डॉक्टर हा उपायाचा पहिला भाग, यावर वाद नको. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली मुले कुपोषणाने मेली, २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा राज्य हादरले. जिथे मुले अशी जातात आणि का गेली हे सांगायला कोणी येत नाही, तिथे कारण भगतच सांगणार. उलट उदाहरणही आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले. त्यांचे पहिले निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. औषधाने माणसे वाचू लागली तशी विंचू उतरवणाऱ्यांकडची गर्दी आपोआप ओसरू लागली, कुणाला खोटे पाडावे लागले नाही. खुद्द डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्राने सर्पदंशावर काम केले, तेव्हा भगतांना शत्रू न ठरवता प्रबोधनात सामील करून घेतले. साप चावलेल्याला आधी दवाखान्यात पाठवा, एवढेच मागणे. हा मार्ग समितीने आणखी मनावर घ्यावा असे मला वाटते. भगत आजारी मूल दवाखान्यात पाठवायला लागला, तर नाव काढण्याचा प्रसंगच निम्म्या वेळा येणार नाही.

दुसरा भाग कायद्याचा. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी समितीने अठरा-एकोणीस वर्षे लावून धरली. मसुदा कितीदा बदलला, किती अधिवेशने गेली, याची कथा सांगत बसले तर पाने पुरणार नाहीत. २००५ साली विधेयक विधानसभेत मंजूर झाले आणि विधान परिषदेत अडकले. देवाधर्मावर घाला येतो अशी ओरड झाली. पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन याला कायदा लागू नाही असे मसुद्यात घालावे लागले. दाभोलकर दर अधिवेशनाला मुंबई-नागपूरच्या खेपा घालत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर त्यांचा गोळ्या घालून खून झाला. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकुमाचा निर्णय घेतला, त्याच आठवड्यात राज्यपालांची सही झाली. डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी कायदा केला. जिवंतपणी जे अठरा वर्षांत झाले नाही ते चार दिवसांत झाले. याचे श्रेय कोणाही सरकारने घेऊ नये.

कायद्याच्या अनुसूचीत बारा प्रकार आहेत. डहाणूच्या दृष्टीने त्यातले तीन महत्त्वाचे. एखादी व्यक्ती करणी करते, चेटूक करते, तिच्यामुळे जनावरे आटतात असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा. जारणमारण किंवा चेटकाच्या नावाखाली मारहाण करणे, नग्न धिंड काढणे, रोजच्या व्यवहाराला बंदी करणे हा गुन्हा. आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे हाही गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. अंमलबजावणीसाठी पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी. पेशवाईत सरकारचा माणूस भुताळी धरायला यायचा, आता सरकारचाच माणूस तिच्या बाजूने यायचा आहे. नाव काढणे हाच अपराध ठरला. या मुलखाच्या न्यायाच्या इतिहासात इतकी मोठी उलथापालथ दुसरी झाली नसेल.

वटहुकूम निघाल्यावर काही दिवसांतच नांदेड जिल्ह्यात पहिला गुन्हा दाखल झाला; कर्करोग, एड्स बरा करतो म्हणून औषध विकणाऱ्यांवर. त्यानंतर राज्यभर गुन्हे दाखल होत गेले. कायद्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी सरकारने समिती नेमली, तिचे सहअध्यक्षपद श्याम मानव यांच्याकडे आले. बातम्यांत मात्र दिसतात ते बहुतेक शहरातले भोंदू : गुप्तधन, पैशाचा पाऊस, मूल होण्यासाठी अघोरी विधी. ते पकडले जाणे चांगलेच, पण भुताळी ठरलेल्या बाईला कायदा वापरणे त्याहून अवघड आहे. बाबाविरुद्ध फिर्याद देणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो. या बाईला फिर्याद देऊन त्याच पाड्यावर परतायचे असते आणि आरोपी तिचा दीर, पुतण्या, शेजारी असतो. साक्षीदारही त्याच भावकीतले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने चेटकीण ठरवून त्रास देण्याचे कलम आले, पण आरोपी अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल तरच ते लागते. पाड्यावर दोन्ही बाजू आदिवासी, म्हणून ते इथे उपयोगाचे नाही. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. जातपंचायतींविरुद्धच्या समितीच्या मोहिमेचा त्यात मोठा वाटा आहे. भुताळीच्या घराला वाळीत टाकले असेल तर दोन्ही कायदे एकत्र लावता येतात. हे लावून घेण्यासाठी ठाण्यात तिच्याबरोबर बसणारे कोणी तरी हवे, आणि समितीचा कार्यकर्ता खरा तिथे हवा.

तलासरीला आणखी एक अडचण होती, सीमेची. तलासरी ओलांडली की गुजरात. नातीगोती, बाजार, भगत सगळे दोन्हीकडे. महाराष्ट्रात कायदा आला तरी पलीकडे तसा कायदा नव्हता. गुजरात विधानसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या धर्तीवर कायदा मंजूर केला. कर्नाटकाने २०१७ साली केला होता. बिहारने चेटकीण प्रथेविरुद्धचा कायदा १९९९ सालीच केला होता, झारखंड आणि छत्तीसगडने त्यानंतर. देशभरासाठी असा एक कायदा आजही नाही.

समितीचे स्वतःचे काय झाले, हेही सांगायला हवे. दाभोलकरांच्या मागे संघटना मोडेल असे अनेकांना वाटले होते, ती मोडली नाही; उलट तरुण कार्यकर्ते वाढले. खुनाच्या खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. कट कोणी रचला याचे उत्तर त्यातून मिळाले नाही, असे समितीचे कार्यकर्ते म्हणतात आणि ते बरोबर आहे. १७ जानेवारी २०२२ रोजी एन. डी. पाटील गेले. त्यानंतर संघटनेतले मतभेद उघड्यावर आले आणि एकाच नावाखाली दोन प्रवाह दिसू लागले. कोण बरोबर याचा निवाडा मी करणार नाही. पण दोन्हीकडच्या मंडळींनी एवढे लक्षात घ्यावे की जिच्या घरावर दगड पडत आहेत तिला दोन्हींपैकी कोणाचाही फोन चालतो.

समितीवर माझा एक आक्षेप आहे. तिची भाषा अजून शाळेच्या फळ्यावरची आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन, विवेकवाद, चिकित्सा हे शब्द मसोलीच्या कॉलेजकुमाराला कळतील, गंजाड-दापचरीच्या पाड्यावर ते सरकारी परिपत्रकासारखे वाटतात. वारली बोलणारे, तिथेच वाढलेले कार्यकर्ते हवेत, आणि त्यात बायका जास्त हव्यात. गावातली आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना आजारी मूल सगळ्यात आधी कळते. नाव निघाल्याची कुजबुजही त्यांच्याच कानावर आधी येते. डहाणू-तलासरी पूर्ण अनुसूचित क्षेत्र आहे, अशा क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला वजन आहे. आमच्या गावात कोणी कोणाचे नाव काढणार नाही, असा ठराव पाड्याच्या ग्रामसभेने केला तर तो बाहेरून आलेल्या शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त टिकेल.

हे तातडीचे का, ते १६ एप्रिल २०२०च्या रात्रीने डहाणू तालुक्याला दाखवून दिले आहे. गडचिंचले इथे मुले पळवणारी टोळी फिरते आहे या अफवेवरून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारले. तो भुताळीचा प्रकार नव्हता, पण यंत्रणा तीच : भीती आधी, नाव नंतर, आणि पुरावा कोणी मागितलाच नाही. त्या रात्री पोलीस तिथे होते, तरी माणसे वाचली नाहीत.

म्हणून मसोली-डहाणूच्या वाचकाला एवढेच सांगणे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईकडून, वर्गातल्या मुलाकडून, दवाखान्यातल्या पेशंटकडून कुणाचे नाव निघाल्याचे कानावर आले, तर ती गंमत म्हणून पुढे सांगू नका. मारहाण होण्याची वाट पाहू नका. नाव काढणे हाच गुन्हा आहे. ११२ वर फोन करा, ठाण्यात दक्षता अधिकारी कोण ते विचारा, समितीच्या कार्यकर्त्याला कळवा, आणि त्या घरात कोणी आजारी असेल तर त्याला आधी दवाखान्यात पोचवा.